तीन खाचांची पाचर

सुनेने ब्रश रंगाच्या डब्यात बुडवला, कडेला दोनदा निथळू दिला आणि ओंडक्याच्या जाड तोंडावर आकडा काढायला घेतला. वर्षभर उघड्यावर पडून लाकडाला चिरा गेल्या होत्या. लाल रंग चिरांमध्ये पाझरायचा आणि आकड्याला पाय फुटायचे. तिने फडक्याने सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. एरवी ती दिवसाला दोन-दोनशे ओंडक्यांवर चालता चालता आकडे टाकायची आणि ते छापल्यासारखे यायचे. या एका ओंडक्यापाशी मात्र ती इतका वेळ उकिडवी बसली, की लाकडाच्या डेपोतल्या माणसांनी उगीचच आपापले दोर उकलून पुन्हा गुंडाळायला घेतले.

दहा पावलांवर तिचा सासरा उभा होता. डेपोत त्याला सगळे आबा म्हणत. त्याच्या खांद्याला पाचरींची झोळी होती आणि उजव्या हाताला तीनच बोटं होती. तो हात त्याने झोळीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. कुठे ठेवावा हेच त्याला कळत नव्हतं.

“झाला,” सून कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली. तिने डब्यावर झाकण दाबलं आणि सासऱ्याच्या अंगावरून पुढच्या रांगेकडे निघून गेली. जाताना तिने डबा सावरला, ब्रश सावरला आणि नजरही सावरली.

मुकादम जवळ आला. आवाजाने अख्खं जंगल उठवणारा माणूस, पण आज त्याने घसा साफ करून हळूच म्हटलं,

“आबा, वर्ष झालं. हात लावा.”

जंगलातून लाकूड उतरवणाऱ्या लोकांचे काही नियम कुठल्याच कागदावर नसतात. माणसाचा जीव घेतलेला ओंडका एक वर्ष हलवायचा नाही, हा त्यातलाच एक. त्याच्यावर कुणी बसत नाही, जेवणाचा डबा सोडत नाही, कुऱ्हाड टेकवत नाही. आजूबाजूची लाकडं येतात नि जातात, तो तिथेच राहतो. वर्ष भरलं की गेलेल्या माणसाच्या घरातल्या कुणीतरी त्याला पहिला हात लावायचा, पहिली साखळी घालायची, मग बाकीच्यांनी पुढे व्हायचं. हा नियम कुणी घातला म्हणून विचारलं तर मुकादम वर आभाळाकडे बोट दाखवायचा, आणि एवढ्या वरचा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

वर्षापूर्वी त्या दिवशी लाकूड तसं फार हललं नव्हतं. उतारावर आडवा ठेवलेला हा ओंडका जेमतेम हातभर गडगडला आणि थांबला. पण त्या हातभर जागेत आबाचा मुलगा उभा होता, ट्रकच्या मागच्या चाकाकडे पाठ करून, साखळीचा गुंता सोडवत. ट्रक पुढे घेतला, त्याला बाहेर काढलं. ओंडका तिथेच चिखलात रुतून बसला. माणसं त्याच्यापुढे वाकून वाकून बघत होती, पण पाचर कुठे दिसेना. उतारावरच्या लाकडाला खालच्या अंगाने पाचर मारल्याशिवाय त्याच्यापुढे उभं राहायचं नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि ओठावर कुणी आणत नव्हतं. शेवटी ती बापानेच आणली.

“लावली नसणार,” आबा म्हणाला होता. “विसरला असणार.”

असं म्हणायला जागा होती. पोरगा लहानपणापासून विसरभोळा. मीठ आणायला पाठवावा तर काडेपेटी घेऊन यायचा. एकदा शाळेतून येताना दुसऱ्याच्याच चपला घालून आला, त्याही दोन्ही डाव्या. “हा एक दिवस डोकं कुठेतरी ठेवून येईल आणि मलाच शोधायला लावेल,” असं आबा चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे, पोरगाही हसायचा, त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. कामावर मात्र तो कधी काही विसरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण त्या दिवशी ते आठवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बाप बोलला म्हटल्यावर विषय मिटला. अजूनही नवा माणूस कामावर आला की त्याला बजावतात, “पाचर मार रे बाबा, आबाच्या पोरासारखं करू नकोस.” आबा जवळपास असला तर तेवढा आवाज खाली येतो.

सुनेने आबाचं ते ‘विसरला असणार’ तिथेच उभं राहून ऐकलं होतं. तेव्हापासून ती सासऱ्याशी बोलली नव्हती. भांडली नाही, घर सोडून गेली नाही, ताट वाढायचं एकदाही चुकवलं नाही. फक्त बोलणं थांबवलं. जे काय सांगायचं ते पाच वर्षांच्या मुलीकरवी. “आजोबांना सांग, पाणी तापलंय.” “आजोबांना विचार, अजून वाढू का.” आजोबा समोर पाटावरच बसलेले असायचे. मुलगी मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायची, उत्तर घ्यायची आणि मान वळवून आईला द्यायची. तिला वाटायचं, सगळ्याच घरांत असंच बोलतात.

“आबा,” मुकादमाने पुन्हा म्हटलं.

आबाने ओंडक्यापाशी जाऊन झोळी खाली ठेवली. त्याने तीन बोटांचा हात सालीवर टेकला. साल सुटत आली होती, आत मुंग्या होत्या. त्याला वाटलं होतं की हात भाजेल, निदान थरथरेल. तसं काहीच झालं नाही. कुठल्याही लाकडासारखं लाकूड होतं ते, आणि याचंच त्याला वाईट वाटलं.

मग तो साखळी घालायला खाली वाकला. ओंडका मातीत चांगलाच बसला होता. पहारीने खालची माती उकरून आरपार वाट करायची आणि त्यातून साखळीचं टोक पलीकडे द्यायचं. आबाने थोडी माती काढली, मग छाती जमिनीला लावून आडवा झाला आणि हात आत घातला. बोटांना काहीतरी टणक लागलं. दगड असेल म्हणून त्याने ते हलवलं. हलेना. पहारीचं टोक घालून उचकटलं तेव्हा ते मातीतून सुटलं आणि त्याच्या हातात आलं.

दगड नव्हता. वीतभर लांब, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला मूठभर जाड, मातीने काळं पडलेलं लाकूड होतं. आबाने जाड टोकावरची माती अंगठ्याने पुसली. एक खाच. दोन. तीन.

दोन बोटं गेल्यापासून आबा लाकूड भरत नव्हता. तो पाचरी तासायचा आणि भरलेल्या ट्रकच्या साखळ्या आवळायचा. दुसऱ्या टोळीच्या लोकांनी पळवू नयेत म्हणून आपल्या पाचरींच्या जाड टोकाला तो कोयत्याने तीन खाचा पाडायचा. तीन खाचा दिसल्या की माणसं निर्धास्तपणे लाकडापुढे उभी राहत. आबाची पाचर म्हणजे जुन्या, वाळून खडखडीत झालेल्या लाकडाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लावली होती. पोराने पाचर लावली होती. पहिल्या क्षणी आबाला वाटलं, असं उठावं, ही वर धरावी आणि डेपोला ऐकू जाईल असं ओरडावं, बघा रे, बघा. त्याचा गुडघा जमिनीवरून सुटलासुद्धा.

आणि तेवढ्यात त्याचा अंगठा पाचरीच्या पाठीवरून फिरला. पाठीला साल तशीच होती. तासणाऱ्याने ती काढायचीही तसदी घेतली नव्हती. एका अंगाने लाकूड चेपून पाक भुगा झालं होतं. वाळलेलं लाकूड फुटतं, पण असं चेपत नाही. ओलं लाकूड चेपतं आणि साबणासारखं निसटतं. हे आबाला कुणी सांगायला नको होतं. उलट, हे डेपोतल्या सगळ्यांना त्यानेच सांगितलं होतं.

अपघाताच्या आदल्या दिवशी झोळी रिकामी झाली होती. शेवटचा ट्रक भरायचा राहिला होता आणि मुकादम घाई करत होता. आबाने बाजूला पडलेली ताजी फांदी उचलली आणि चार घावांत पाचर पाडली. हाताच्या सवयीने तीन खाचाही पाडल्या. एकच तर आहे, त्याने मनाशी म्हटलं होतं, सकाळी बदलू.

सकाळी तो विसरला.

हे त्याला आज नव्याने समजलं असंही नव्हतं. मुलगा गेल्यानंतर दहाव्या दिवशी अंघोळ करताना ती ओली पाचर त्याला लख्ख आठवली होती. डोक्यावर धरलेला तांब्या तसाच राहिला होता. मग त्याने तो डोक्यावर उपडा केला, आणि पुन्हा एक, आणि पुन्हा एक. पोराने पाचर लावलीच नव्हती म्हटल्यावर ती ओली होती की सुकी, हा प्रश्नच उरत नव्हता. त्या ‘लावली नसणार’च्या आडोशाला आबा वर्षभर राहिला होता. आपलं पोर वेंधळेपणाने मेलं हे त्याला सोसवत होतं. दुसरं सोसवलं नसतं.

“काय झालं आबा?” मुकादमाने विचारलं. “अडकलं काही?”

“दगड आहे,” आबा म्हणाला आणि पाचर अंगाआड झोळीत टाकली.

ट्रकच्या कडेला दोन बल्ल्या तिरप्या लागल्या. आबाच्या साखळीमागून ओंडक्याला दोराचे वेढे पडले. सहा माणसं पलीकडून ओढायला उभी राहिली, चार जण खालून पहारी घेऊन रेटायला. ओढताना एकाने सुरात काहीतरी म्हणायचं आणि बाकीच्यांनी झील धरायची, अशी रीत. त्यात मुकादमाच्या बायकोपासून ट्रकच्या टायरपर्यंत सगळ्यांची टिंगल व्हायची. आज नुसते श्वास ऐकू येत होते. ओंडका बल्ल्यांवरून करकरत चढला, कडेवर क्षणभर अडला आणि इतर लाकडांच्या मध्ये जाऊन बसला. त्याच्या जागेवर जमिनीत लांबट खळगा उरला होता. एका हमालाने पायाने त्यात माती लोटली.

साखळ्या आवळून झाल्या तसा आबा ट्रकमध्ये चढला. कायम तोच जायचा, कारण वाटेत लाकूड बसतं आणि डेपोत करकचून बांधलेली साखळी पहिल्या वळणाला पोचेपर्यंत ढिली होते. तिथे प्रत्येक भरलेला ट्रक थांबतो आणि पुन्हा आवळून घेतो. झोळी त्याने मांडीवर घेतली.

ट्रक चालवणाऱ्याला पोपट म्हणत. चावी फिरवली की त्याचं तोंड सुरू व्हायचं आणि इंजिन बंद झालं तरी ते बंद व्हायचं नाही. त्याच्या ट्रकचा हॉर्न दोन वर्षांपासून बिघडला होता, आणि लोक म्हणत की त्याची त्याला गरजच नाही. आज पोपट गप्प होता. उतरणीच्या रस्त्यावर गियर बदलत, चाक घट्ट धरून तो चालला होता. मागे लाकडं एकमेकांना घासून कुरकुरत होती.

वळणावर ट्रक थांबला. आबा खाली उतरला, साखळीत दांडा घालून पीळ देऊ लागला. पोपटही उतरला. त्याचं हे काम नव्हतं, तरी त्याने दांड्याला हात लावला.

“आबा, एक बोलू?”

“बोल की. तू कधीपासून विचारून बोलायला लागलास?”

पोपट हसला नाही.

“त्या दिवशी ही गाडी मीच मागे घेतली होती. जरा जास्तच घेतली. चार हात अलीकडे उभी केली असती तर त्याला चाक लागलं नसतं. तो मागे सरकला असता.” त्याने दांड्यावर भार दिला. “वर्षभर रोज रात्री गाडी मागे घेतो मी, आणि रोज चार हात अलीकडे थांबवतो. मग झोप येते. म्हणजे, मनाची समजूत घालतो. पाचर नव्हती, त्यात माझा काय दोष? आणि बापच म्हणतोय म्हटल्यावर, त्यात शंका कसली?”

आबाच्या हातातला पीळ सुटला. दांडा गर्रकन फिरून त्याच्या मनगटावर आपटला.

“लागलं का?”

“नाही,” आबा म्हणाला. “पुन्हा धर.”

त्यांनी पुन्हा धरलं. साखळी सालीत रुतेपर्यंत आवळली. आबाला सांगायचं होतं. झोळी चार पावलांवर सीटवर होती, त्यात हात घालायचा अवकाश. पण पोपट एकदा बोलायला लागला की पुरतं बोलून टाकतो आणि मग हलका होतो. आताही त्याचा चेहरा निवळला होता. त्या चेहऱ्याकडे बघून आबाच्या तोंडातलं तोंडातच राहिलं.

लाकूड चिरायच्या गिरणीत ओंडके उतरले. तिथला माणूस एकेका तोंडावरचा आकडा वाचत पुढे चालला होता. त्या ओंडक्यापाशी तो थांबला.

“हा आकडा कुणी काढला? फार सुरेख आहे.”

“सुनेने,” आबा म्हणाला.

“हात वळणदार आहे हो पोरीचा.”

आबाने मान हलवली. आत करवत सुरू होती आणि तिच्या आवाजात पुढचं काही बोलावं लागलं नाही, हे बरं झालं.

तो घरी आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात शिरण्याआधीच दार आपटल्याचा आवाज आला. पुढच्या दाराची बिजागरी सैल झाली होती आणि वारा सुटला की ते दिवसभर आपटत राहायचं. खाली नुसती एक पाचर सरकवली की झालं. मुलगा असताना “आज करतो, उद्या करतो” म्हणत राहिला, आणि मग राहूनच गेलं. सून दारापाशी पाण्याची बादली ठेवायची. बादली लागली की उचलायची, की दार पुन्हा मोकळं. ती मागत नव्हती म्हणून सासरा देत नव्हता आणि सासरा देत नव्हता म्हणून ती मागत नव्हती. पाचरी करणाऱ्याच्या घराचं दार वर्षभर आपटत होतं, आणि शेजाऱ्यांनी त्याबद्दल हसायचंही सोडून दिलं होतं.

सून डेपोतून आली होती. आतल्या खोलीत जमिनीवर खडूने आकडे काढून ती मुलीला गिरवायला लावत होती. आबा आत गेला नाही. घराला वळसा घालून तो मागच्या पायरीवर जाऊन बसला आणि झोळीतून पाचर काढली.

तिला काय सांगायचं, हे त्याने वाटेत ठरवलं होतं. ‘त्याने पाचर लावली होती.’ एवढं एकच वाक्य. ते खरंच होतं. ते ऐकायला ती वर्षभर थांबली होती, आणि ते सांगितलं की तिचा नवरा तिला स्वच्छ परत मिळणार होता. मग पाचर कुणाची होती, कसली होती, याची उठाठेव कशाला? डेपोत चार टोळ्यांच्या पाचरी असतात. कुणाचीही असेल. आहेत तरी काय, तीन खाचा.

त्याने कमरेचा चाकू काढला. पाचर गुडघ्यात धरली आणि पहिली खाच तासली. काळ्या लाकडावर नखाएवढा पांढुरका डाग उघडा पडला. त्यावर थुंकी लावून त्याने माती चोळली. डाग मळला, पण लपला नाही. म्हणून त्याने दुसऱ्या खाचेला चाकू लावला.

“आजोबा, काय करताय?”

मुलगी दारात उभी होती. तिची बोटं खडूने पांढरी झाली होती.

“काही नाही.”

“मला बघू.”

“अगं, हात कापेल…” म्हणत त्याने आधी चाकू दूर धरला, आणि तेवढ्यात तिने पाचर उचलली आणि आत पळाली.

आबा उठला. उठून आत जायला दहा पावलं लागत असतील, पण तो पोचला तेव्हा पाचर सुनेच्या हातात होती. ती जमिनीवरच बसली होती, समोर खडूचे आकडे. रोज दोनशे ओंडक्यांची तोंडं बघणारी ती. लाकूड वाचायला तिला वेळ लागत नसे. तिने पाचर उलटीसुलटी केली. सालीवर बोट टेकलं. चेपलेली बाजू दाबून पाहिली. मग जाड टोक उजेडाकडे वळवलं. तिथे दोन खाचा होत्या, आणि तिसरीच्या जागी ताजा डाग.

बाहेर दार एकदा आपटलं.

“आजोबांना विचार,” सून म्हणाली. “ही कुठे सापडली.”

“आजोबा, ही कुठे सापडली?”

“त्या ओंडक्याखाली.”

“त्या ओंडक्याखाली,” मुलीने आईला सांगितलं.

“विचार, कुणी लावलेली.”

“कुणी लावलेली?”

“तुझ्या बाबानं.”

मुलीचे डोळे मोठे झाले. ती वळली. “माझ्या बाबानं!”

सुनेने डोळे मिटले. खालचा ओठ तिने दातांखाली धरला. वर्षभर तिने अश्रू कुणाला दाखवले नव्हते, आताही दाखवले नाहीत. पण तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ती ते किती वर धरून चालत होती, हे आबाला तेव्हा कळलं. ती आणखी काही विचारणार नव्हती. अंगठा तेवढा त्या पांढुरक्या डागावर होता. पुसल्यासारखा एकदा फिरला आणि तिथेच राहिला.

इथे थांबता आलं असतं. आबा उंबऱ्यात उभा होता, त्याला कुणी पुढे ढकललं नव्हतं. तो खाली बसला, नातीच्या समोर, तिच्या उंचीला येईल असा.

“आईला सांग,” तो म्हणाला. “पाचर आजोबांची आहे. घाईत ओल्या लाकडाची केली होती. तसली कधी करायची नसते. सकाळी ती बदलायची होती. तुझ्या बाबाचं काही चुकलं नव्हतं. त्याने खाचा बघितल्या आणि भरवसा ठेवला. बदलायला आजोबा विसरले. आणि नंतर आठवलं, तेव्हाही कुणाला सांगितलं नाही. सांग आईला.”

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग आईकडे. एवढं मोठं वाक्य तिच्याकडे आजवर कुणी दिलं नव्हतं. तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं, ओठ हलवून पाहिले आणि जेवढं तिला पेललं तेवढं आईपाशी नेलं.

“आई,” ती म्हणाली, “आजोबा विसरले.”

सून उठली. पाचर घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने भांड्यांचे आवाज यायला लागले. ताटं नेहमीच्या वेळेला वाढली गेली. आबाला भूक नव्हती, तरी त्याने ताट संपवलं. टाकायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं. ‘अजून वाढू का’ हे त्या दिवशी मुलीकरवीही कुणी विचारलं नाही.

सकाळी त्याला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज नसल्याने. वारा होता. मागच्या झाडाची पानं सळसळत होती, दोरीवरचे कपडे फडफडत होते. दार मात्र वाजत नव्हतं. आबा थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग उठून त्याने तोंड धुतलं, कपडे केले, झोळी खांद्याला लावली. डेपोत जाऊन सगळ्यांना गोळा करायचं, आधी मुकादमाला सांगायचं, मग पोपटाला, मग त्या सगळ्या नव्या पोरांना, हे त्याने पहाटेच ठरवलं होतं. हातात दाखवायला ती पाचर हवी होती.

पुढचं दार सताड उघडं होतं, आणि त्याखाली ती सरकवलेली होती. निमुळतं टोक आत, जाड टोक बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाशी. दोन खाचा आणि एक डाग. वर्षभरात ती आता चांगली कडक झाली होती. दार तसूभर हलत नव्हतं.

आबा ती काढायला खाली वाकला.

“असू दे तिथंच.”

त्याने मागे बघितलं. सून चुलीपाशी उभी होती, हातात रंगाचा डबा आणि ब्रश, कामावर निघायच्या तयारीत. मुलगी अजून झोपली होती. खोलीत त्या दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

“दार आपटतं,” ती म्हणाली. “जाता-येता पाय जपून टाका, मामंजी.”

आबा सरळ झाला. त्याने चौकटीचा आधार घेतला, पाय नीट वर उचलला, पाचरीच्या पलीकडे टाकला आणि मोकळ्या हातांनी डेपोच्या वाटेला लागला.